अर्ध्या सुताची पिन

जुना वस्तरा हातात आला की आपली नजर आधी पात्यावर जाते. गंज किती चढलाय, धारेला खांडे पडलेत का, शिक्का शेफील्डचा आहे की सोलिंगेनचा, हे आपण उजेडात धरून पाहतो. पण असे वस्तरे वापरातून बाद होतात ते बहुतेक वेळा मुठीमुळे. पाते चांगल्या पोलादाचे असेल आणि गंजाने खोल खड्डे पडले नसतील, तर शंभर-सव्वाशे वर्षांनीही त्याला दाढी करण्याजोगी धार लागते. मूठ मात्र शिंगाची, हाडाची, लाकडाची नाहीतर सेल्युलॉइडची असते. ती वाळते, आक्रसते, वाकते आणि शेवटी तडकते. तडा बहुधा सुरू होतो पिनेच्या भोकापासून.

म्हणून मूठ नवी घालायची असो की जुनीच स्वच्छ करून पुन्हा बसवायची असो, पिन आणि वायसर कोणते घ्यायचे हा प्रश्न नीट विचार करून सोडवावा लागतो. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. या जोडातली बदलायची वस्तू पिन आहे, मूठ नाही. त्यामुळे पिन अशी हवी जी हलक्या ठोक्यांनी बसेल, आणि आणखी वीस वर्षांनी कुणाला ती काढावी लागली तर मुठीला ओरखडाही न जाता निघेल. चकाकी, रंग, नक्षी हे सगळे त्यानंतर.

हा जोड चालतो कसा, ते आधी पाहू. घडीच्या वस्तऱ्याची मूठ म्हणजे दोन पातळ पट्ट्या. एका टोकाला त्यांच्यामध्ये पात्याचा दांडा असतो आणि त्यातून आरपार जाणारी पिन बिजागरीचे काम करते. दुसऱ्या टोकाला पट्ट्यांमध्ये एक छोटी पाचर असते, तिच्यातून दुसरी पिन जाते. काही वस्तऱ्यांना मध्यभागी तिसरी पिनही असते. लांब, लवचीक पट्ट्या फाकू नयेत म्हणून ती घालतात. पाचर टोकाकडे जाड आणि आतल्या बाजूला निमुळती घासलेली असते. तिच्या या उतारामुळे पट्ट्यांना किंचित बाक येतो आणि त्या बिजागरीपाशी दांड्याला दोन्ही बाजूंनी हलकेच दाबून धरतात. उघडलेले पाते आपल्या वजनाने गळून पडत नाही ते या दाबामुळे. आणि मिटताना पाते दोन पट्ट्यांच्या बरोबर मधोमध जाऊन बसते, तेही या उतारामुळे आणि पिन काटकोनात असल्यामुळे. पिन तिरकी झाली की पाते एका बाजूला झुकते, मिटताना धार पट्टीला घासते आणि दगडावर तासभर घालवून लावलेली धार एका क्षणात जाते. कामिसोरी या जपानी वस्तऱ्याला घडीची मूठच नसते, त्यामुळे तिथे हा सगळा प्रश्नच उद्भवत नाही. शेफील्ड, सोलिंगेन आणि फ्रान्समधल्या तिएर या तिन्ही गावांच्या वस्तऱ्यांत मात्र तो आहे.

पिन बदलण्याआधी एक गोष्ट करून पाहावी. जोड नुसता ढिला झाला असेल आणि पट्ट्या शाबूत असतील, तर जुन्याच पिनेचे डोके ऐरणीवर टेकवून दुसऱ्या बाजूने चार-सहा हलके ठोके द्यावेत, मग वस्तरा उलटून तेवढेच ठोके पुन्हा. पुष्कळदा एवढ्यानेच जोड आवळतो. मूळ कारखान्यातली पिन टिकत असेल तर ती काढण्यात काही शहाणपण नाही. पिन गंजून फुगली असेल, वाकली असेल, मूठ फुटली असेल, किंवा पट्ट्यांच्या आतला गंज साफ करायचा असेल, तरच ती काढावी.

आता जाडी. जुन्या वस्तऱ्यांच्या पिनेचे नेहमीचे माप १/१६ इंच, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर. हा सगळा धंदा इंचांत वाढला. पात्याची रुंदीसुद्धा आजपर्यंत इंचाच्या अष्टमांशात सांगतात: ५/८, ६/८. आपल्याकडे सुतार आणि फिटर ज्याला सूत म्हणतात ते हेच माप, १/८ इंच. म्हणजे पाते पाच-सहा सुती आणि पिन अर्ध्या सुताची. ही पिन इतकी बारीक का, असे पहिल्यांदा वाटते. मुठीची पट्टी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीची असते आणि भोक तिच्या काठापासून फार दूर नसते. भोक जितके मोठे, तितका भोकाभोवतीचा पदार्थ कमी. दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. पिनेचे टोक ठोकून फुलवावे लागते आणि त्यासाठी लागणारा जोर पिनेच्या छेदाच्या क्षेत्रफळाबरोबर वाढतो. १/१६ ऐवजी ३/३२ इंचाची, म्हणजे दीडपट जाडीची पिन घेतली, तर छेद सव्वादोन पट होतो. तेवढा जास्तीचा मार त्या नाजूक शिंगाने सोसायचा असतो. म्हणून जाड पिन जास्त मजबूत हा हिशेब इथे उलटा पडतो. काही आधुनिक कारागीर जाड, नव्या मुठींसाठी २ मिलिमीटरची किंवा ३/३२ ची पिन वापरतात. त्यांच्या पट्ट्या तेवढ्या भरीव असतात. जुन्या मुठीत तो प्रयोग करू नये.

अंदाजाने पिन घेऊ नका. व्हर्नियरने जुनी पिन मोजा, आणि भोकेही मोजा: दोन पट्ट्यांची, पाचरीचे आणि पात्याच्या दांड्याचे. पिन भोकात अंगठ्याच्या दाबाने सरकली पाहिजे. ती आपोआप गळून पडता कामा नये आणि हातोडीने घालावी लागता कामा नये. घट्ट पिन पट्टीला आतून चिरते. सैल पिनेचा धोका वेगळा आणि लवकर लक्षात न येणारा आहे. भोकात मोकळी जागा असली की टोकावर दिलेला ठोका डोके फुलवण्याऐवजी पिनेला आत वाकवतो. बाहेरून सगळे ठीक दिसते, पण पाते मिटताना एका बाजूला जाते. पाते नंतर कितीही वाकवून-दाबून पाहिले तरी ते मध्यावर येत नाही, कारण आतली पिनच कमानीसारखी झालेली असते.

जुन्या वस्तऱ्यांत दांड्याचे भोक वर्षानुवर्षांच्या वापराने मोठे झालेले असते, आणि काहींचे मुळातच मोठे असते. तिथे जाड पिन घालण्याचा मोह होतो. त्याऐवजी पितळी नळीचा बारीक तुकडा भोकात बसवावा. मॉडेल बनवणाऱ्यांसाठी पातळ पितळी नळ्या मिळतात. बाहेरून ३/३२ इंच असलेल्या नळीत १/१६ ची पिन नीट सरकते. नळीचा तुकडा दांड्याच्या जाडीएवढाच कापून दोन्ही टोके सपाट घासली की झाले. पोलादाला नवे भोक पाडत बसण्यापेक्षा हा उपाय कितीतरी सौम्य आहे.

धातूच्या बाबतीत पितळ ही पहिली पसंती. पण पितळ म्हणजे सगळे एकच नव्हे. आपल्या बाजारात मिळणारा पितळी गज बहुधा लेथवर कातण्यासाठी बनवलेला असतो. चुरा सुटा पडावा म्हणून त्यात थोडे शिसे घातलेले असते. असा गज कातायला सुरेख, पण थंड असताना ठोकला की टोकाला किरणांसारख्या चिरा पडतात. पिनेसाठी रिव्हेटची किंवा दागिन्यांच्या कामाची, शिसे नसलेली पितळी तार मागावी. सोळा गेजची तार १.६३ मिलिमीटर भरते. १/१६ इंचापेक्षा ती केसभर जाड. तेवढा फरक बारीक पॉलिश पेपरने काढता येतो. तार कडक वाटली तर मंद लाल होईपर्यंत तापवून थंड करावी, ती मऊ होते. पोलादासारखे पितळ पाण्यात बुडवल्याने कडक होत नाही, त्यामुळे घाई असेल तर पाण्यात टाकली तरी चालते. हे तापवणे अर्थातच पिन मुठीत घालण्याआधी करायचे.

दुसरा धातू जर्मन सिल्व्हर. नावात चांदी असली तरी त्यात चांदी नसते. तांबे, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. निकेल साधारण १८ टक्क्यांपर्यंत असते. पितळेपेक्षा हा थोडा कडक, पण हिरवा गंज कमी धरतो आणि पांढरट दिसतो. काळ्या मुठीच्या वस्तऱ्यांवर तो शोभतो. हात बसलेल्या माणसाने तो जरूर वापरावा. नवशिक्याने आधी पितळ. चांदीची पिन मऊ आणि ठोकायला सोपी असते आणि चांदीचे वायसर असलेले जुने, उंची वस्तरे पाहायला मिळतात. मूळचे तसे असेल तर तसेच ठेवावे.

टाळायचे काय तेही सांगतो. लोखंडी पिन जुन्या काळी वापरत, पण बिजागरीत साबणाचे पाणी शिरते, लोखंड गंजते आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. आतून फुगणारी ती पिन शिंग फोडते. जुन्या मुठींच्या टोकाला दिसणाऱ्या उभ्या तड्यांमागे कित्येकदा हेच असते. स्टेनलेस स्टील गंजत नाही, मात्र ठोकता ठोकता आणखी कडक होत जाते, आणि मग हातोडीचा जोर वाढवावा लागतो. ॲल्युमिनियम मऊ आहे खरे, पण दाढीचा साबण अल्कधर्मी असतो आणि तो ॲल्युमिनियमला खातो. आणि सुऱ्यांच्या मुठीत शोभून दिसणाऱ्या मोझेक पिना, म्हणजे नळीत बारीक तारा आणि राळ भरून केलेल्या नक्षीच्या पिना, बिजागरीत कधीच घालू नयेत. त्या ठोकून फुलवता येत नाहीत; त्यांचा सगळा भरवसा गोंदावर असतो.

वायसरकडे लोक दागिना म्हणून पाहतात. त्याचे खरे काम पिनेच्या डोक्याचा दाब पसरवण्याचे. १.६ मिलिमीटरच्या पिनेचे डोके फुलून फार तर अडीच मिलिमीटरचे होते. तेवढ्याशा जागेवर सगळा ताण आला तर मऊ शिंगात ते रुतत जाते आणि जोड पुन्हा ढिला होतो. चार-पाच मिलिमीटरचा वायसर तोच ताण कितीतरी मोठ्या जागेवर वाटतो. आपल्याकडच्या अडकित्त्याच्या खिळ्याखालीही अशीच चकती असते, पण तिथे खाली लोखंड किंवा पितळ असते. इथे खाली शिंग आहे, म्हणून वायसरची गरज जास्त.

वायसरचे प्रकार ढोबळमानाने तीन: सपाट, घुमटाकार आणि पायरीचा. घुमटाकार वायसरच्या पोकळीत पिनेचे डोके छान बसते आणि बोटाला कड लागत नाही. पायरीचा वायसर म्हणजे मोठ्या चकतीवर लहान चकती, एकसंध किंवा दोन वेगळ्या. जुन्या शेफील्ड मुठींवर तो देखणा दिसतो. सपाट वायसर सर्वांत साधा आणि ठोकायला सर्वांत क्षमाशील. घुमटाकार वायसर लावायचे असतील तर ऐरणीच्या सपाट पृष्ठावर खालच्या बाजूचा घुमट चेपतो, हे ध्यानात ठेवा. त्यासाठी ऐरणीत किंवा पितळेच्या ठोकळ्यात वायसरच्या आकाराचा उथळ खळगा करून घ्यावा लागतो.

मापात दोन गोष्टी पाहायच्या. आतले भोक पिनेपेक्षा किंचितच मोठे असावे. मोठ्या भोकाचा वायसर ठोकताना एका बाजूला सरकतो आणि तिरका दिसतो. बाहेरचा व्यास पट्टीच्या रुंदीला साजेसा असावा, आणि काठापर्यंत पोचता कामा नये. तयार मिळणाऱ्या वायसरांत एम १.६ स्क्रूसाठीचा सपाट वायसर सोयीचा: आतून १.७ मिलिमीटर, बाहेरून ४ मिलिमीटर, जाडी ०.३ मिलिमीटर. तो बहुधा पोलादाचा मिळतो, म्हणून पितळी मागून घ्यावा. नाहीतर पितळी पत्र्यातून पंचाने चकत्या काढून घेता येतात. पिन आणि वायसर शक्यतो एकाच धातूचे ठेवावेत. जुना वायसर चांगला असेल तर अर्थातच तोच. वर्षानुवर्षांनी त्यावर आलेला तपकिरी रंग घासून काढू नका. शंभर वर्षांच्या शिंगावर आरशासारखे चमकणारे पितळ डोळ्याला खुपते.

पट्टी आणि दांडा यांच्या मध्ये, आतल्या बाजूलाही पातळ चकत्या घालतात. बाहेरून त्या दिसत नाहीत. पाऊण मिलिमीटरहून पातळ अशा या चकत्यांमुळे पाते लाकडावर किंवा शिंगावर न घासता धातूवर फिरते, ओलावा पट्टीला चिकटून राहत नाही आणि पाते सुळकन उघडते. नवी लाकडी मूठ करणाऱ्याने या जरूर घालाव्यात. जुन्या मुठीत मुळात नसतील तर आधी त्यांच्याशिवाय जुळवून पाहावे, कारण चकत्यांनी दांड्याची जाडी वाढते आणि पाचरीचा उतार चुकतो.

ठोकण्याआधी एकदा तात्पुरते जुळवून पाहणे ही फार मोलाची सवय आहे. त्यासाठी एम १.६ चे बारीक स्क्रू आणि नट वापरावेत. पिनेच्या जागी ते घालून पाते शंभरदा उघडमिट करा, मधोमध बसते का पाहा, पाचर घासून कमी करायची असेल तर आत्ताच करा. पाचर शिशाची असेल, आणि जुन्या शेफील्ड वस्तऱ्यांत ती बरेचदा असते, तर कोरडी घासू नका. शिशाची धूळ विषारी असते. ओली घासा, चिंधी फेकून द्या, हात साबणाने धुवा. स्क्रू कायमचेच का ठेवू नयेत, असे कुणी विचारेल. बिजागरीवर पाते रोज फिरते, त्याबरोबर नटही थोडा थोडा फिरतो आणि सैल होतो. शिवाय आट्यांच्या धारा भोकाला आतून खातात. जुळवणीसाठी स्क्रू, वापरासाठी पिन.

पिन कापताना पट्ट्या, पाचर किंवा दांडा आणि दोन्ही वायसर यांची एकूण जाडी धरून प्रत्येक बाजूला एक मिलिमीटरच्या आतबाहेर जास्तीचे टोक ठेवावे. टोक जास्त राहिले की ते वाकते आणि बाजूला लोळते; कमी राहिले तर डोके होत नाही. कानशीने दोन्ही टोके अगदी सपाट, पिनेला काटकोनात घासावीत. तिरके टोक तिरकेच फुलते. मग शंभर ग्रॅमच्या आसपासची छोटी बॉल पेन हातोडी घ्या. तिच्या गोल तोंडाने टोकाच्या कडेकडेला, गोलाकार फिरत टक-टक असे ठोके द्यायचे, मध्यावर जोरात नाही. हातोडीच्या वजनाने पडेल तेवढाच ठोका पुरे. पाच-सहा ठोक्यांनंतर वस्तरा उलटायचा, म्हणजे दोन्ही डोकी सारखी वाढतात. सुरुवातीला आवाज बोथट येतो आणि वायसर बोटाने फिरतो. डोके वायसरला भिडले की आवाज टणक होतो आणि वायसर जागच्या जागी थांबतो. इथे हात आवरायचा. पाते उघडून पाहायचे, गरज वाटली तर आणखी दोन-तीन ठोके. आधी पाचरीकडची पिन पक्की करावी, मग बिजागरीची, कारण पात्याचा घट्टपणा शेवटी बारकाईने जमवायचा असतो. सगळे होईपर्यंत धारेवर जाड चिकटपट्टी लावून ठेवा. बोटांसाठीही आणि धारेसाठीही.

जुनी पिन काढताना डोके कानशीने घासण्यापेक्षा मध्यभागी पोगराने खूण करून बारीक ड्रिलने फक्त डोक्यापुरते कोरावे आणि मग पिनेहून बारीक पोगराने पिन सावकाश बाहेर ढकलावी. पट्टीखाली भोक पाडलेला लाकडी ठोकळा हवा, नाहीतर शिंग अधांतरी राहून फुटते. पिन सुटत नसेल तर तिला आच देण्याचा विचारही करू नका, विशेषतः मूठ सेल्युलॉइडची असेल तर.

सेल्युलॉइडबद्दल थोडे जास्त सांगायला हवे. १८७० च्या सुमारास अमेरिकेत हयात बंधूंनी नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून हे प्लास्टिक व्यापारी स्वरूपात आणले, आणि हस्तिदंत, कासवाची पाठ यांची हुबेहूब नक्कल करणाऱ्या मुठी त्यातून निघू लागल्या. हे द्रव्य भडकन पेट घेते. आणि म्हातारपणी ते आतून विघटित होऊ लागते. त्यातून निघणारे नायट्रोजन ऑक्साइडचे वायू ओलाव्याबरोबर आम्ल बनतात. अशा मुठीतले पाते नेमके मिटल्यावर झाकल्या जाणाऱ्या भागात गंजते, आणि पितळी पिना-वायसरांभोवती हिरवा चिकट थर येतो. नव्या वायसरांवर काही महिन्यांत पुन्हा तसाच हिरवा थर दिसला, कापराचा किंवा आंबूस वास आला, तर दोष धातूचा नाही. ती मूठ उतरवा, पाते वाचवा, आणि तो वस्तरा इतर वस्तऱ्यांजवळ ठेवू नका. हस्तिदंताच्या मुठीबाबत मात्र कायद्याचा प्रश्न येतो: भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यात नंतर झालेल्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताच्या व्यापाराला बंदी आहे. जुनी असली तरी अशी मूठ विकत घेऊ नका आणि विकूही नका.

आपल्याकडे सलूनमध्ये आता अर्धे ब्लेड घालायचे वस्तरे असतात, आणि ग्राहकाच्या आरोग्यासाठी ते योग्यच आहे. पण कित्येक घरांत आजोबा-पणजोबांच्या धोकटीतला पोलादी वस्तरा अजून आहे. तो दुरुस्त करायला बसणार असाल तर माझा सल्ला थोडक्यात असा. काहीच ठरवता येत नसेल तेव्हा अर्ध्या सुताची, शिसे नसलेली पितळी पिन आणि सपाट पितळी वायसर घ्या. शंभरातल्या बहुतेक वस्तऱ्यांना ते चालतात. काढलेल्या जुन्या पिना आणि वायसर एका डबीत, वस्तऱ्याबरोबरच ठेवा, पुढच्या माणसाला मूळ माप त्यावरूनच कळेल. आणि पहिली पिन आजोबांच्या वस्तऱ्यावर ठोकू नका. आंब्याच्या खोक्याच्या दोन पातळ फळ्या घ्या, मध्ये पत्र्याचा तुकडा ठेवा, आणि फळी न चिरता, पिन न वाकता दोन्ही डोकी सारखी फुलेपर्यंत त्यांच्यावर हात बसवा.